नरक्याचा कस कोणी पाहावयाचा?

आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत कस पाहिल्यावांचून विकला जाणारा माल आतां फारसा उरलेला नाहीं. ऊस कारखान्यास जातो तो उताऱ्याच्या हिशेबानें, दूध डेअरीवर जातें तें फॅट लावून, कांदा प्रतवारीनें आणि द्राक्षें गोडी मोजून. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या सभासदांत उताऱ्याच्या एका दशांशावरून किती खल चालतो, हें निराळें सांगावयास नको. असें असतां, ज्याची सारी किंमत शेंकडा अर्ध्या भागाच्याहि आंतल्या एका द्रव्यांत सांठविलेली आहे, असें एक झाड सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वजनावर, ढिगावर आणि पुष्कळदां उभ्या झाडाच्या नजरअंदाजावर विकलें जात आलें आहे. तें झाड नरक्या, आणि तें द्रव्य कॅम्प्टोथेसीन.

नरक्या विकावयाचा असेल तर तो कसावर विकावा, आणि तोडावयाचा असेल तर पुन्हां फुटेल अशा बेतानें तोडावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. परंतु हें म्हणणें पटण्यास त्या द्रव्याची थोडी ओळख आधीं करून घेतली पाहिजे. आपल्या मालाचा गुण कशांत आहे हें विकणारास ठाऊक नसलें म्हणजे भाव ठरविण्याचें काम सर्वस्वीं घेणाराच्या हातीं जातें. नरक्याच्या बाबतींत नेमकें हेंच झालेलें आहे.

या झाडास कित्येक ठिकाणीं अमृता असेंहि म्हणतात. एकाच झाडास नरक आणि अमृत यांचीं नांवें मिळावींत ही मौज खरी. पहिल्या नांवाचें कारण उघड आहे. पावसाळ्यांत झाड फुललें म्हणजे जी घाण सुटते ती दुरूनहि लपत नाहीं. दुसरें नांव कोणी कां ठेविलें असेल तें असो. पुढें तें निराळ्याच अर्थानें खरें ठरलें. जुन्या ग्रंथांत याचें शास्त्रीय नांव मॅपिया फीटिडा असें सांपडतें. फीटिडा म्हणजे लॅटिन भाषेंत दुर्गंधी. आजचें नांव नॉथापोडायटिस निम्मोनियाना. जॉन ग्रॅहम यानें मुंबई व आसपासच्या वनस्पतींची जी यादी केली ती तो वारल्यावर सन १८३९ मध्यें निम्मो नांवाच्या त्याच्या मित्रानें पुरी केली. त्या निम्मोचें नांव आपल्या या घाणेऱ्या झाडास चिकटलें आहे.

झाड मोठें नव्हे. घाटमाथ्याच्या सदाहरित व निमसदाहरित रानांत मोठ्या झाडांच्या सावलीखालीं तें वाढतें. फांद्यांवर गळून गेलेल्या पानांचे वण ठळक दिसतात, फुलें बारीक, पिंवळसर व झुबक्यांनीं येतात, आणि फळ लांबट असून पिकल्यावर जांभळट होतें. भीमाशंकरापासून दक्षिणेस महाबळेश्वर, कोयना, आंबोली असें करीत केरळापर्यंत व पुढें सिंहलद्वीपांतहि तें आढळतें. कांहीं झाडांस नुसतीं नरफुलेंच येतात व त्यांस फळ धरत नाहीं. बीं राखून ठेवण्याच्या दृष्टीनें ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे, कारण रानांत दहा झाडें दिसलीं म्हणून दहांपासून बीं मिळेल असें नाहीं.

आतां या द्रव्याचा शोध. तो प्रथम लागला तो आपल्या झाडांत नव्हे, तर चीन देशांतील कॅम्प्टोथेका नांवाच्या एका उंच झाडांत. त्यास तिकडे आनंदवृक्ष अशा अर्थाचें नांव आहे. अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल हे सरकारी शेतकी खात्यांत असतां हजारों वनस्पतींचे अर्क तपाशीत होते. त्यांत या झाडाचा अर्क उंदरांच्या रक्तकर्करोगावर विलक्षण गुणकारी ठरला. पुढें ते उत्तर कॅरोलायनांतील रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्यें आले, आणि तेथें सन १९६२ मध्यें त्यांस जे सहकारी मिळाले ते आपल्याच मुलुखांतले. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म सन १९२५ चा, गांव त्या वेळच्या पश्चिम खानदेशांतील नंदुरबार, आणि रसायनशास्त्राचें शिक्षण मुंबई विद्यापीठाचें. वॉल व वाणी यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह कॅम्प्टोथेसीनची रचना उकलून ती सन १९६६ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें सन १९७१ मध्यें याच जोडीनें टॅक्सॉल नांवाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध कर्करोगौषधाची रचना जगापुढें मांडली. एवढ्या दोन औषधांवर जगांतील लाखों रोग्यांचे उपचार झालेले आहेत. डॉ. वाणी सन २०२० मध्यें वारले. नंदुरबारच्या या माणसाचें नांव आपल्या शाळांतून किती मुलांस ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

हें झालें चिनी झाडाचें. सन १९७२ मध्यें मुंबईच्या गोरेगांव येथील सीबा संशोधन केंद्रांत डॉ. गोविंदाचारी व डॉ. विश्वनाथन यांनीं नरक्याचें पृथक्करण केलें. तेंच द्रव्य त्यांतहि निघालें, आणि तें चिनी झाडाच्या मानानें पुष्कळच अधिक. चिनी झाड आणि आपला नरक्या हीं एकमेकांच्या जवळच्या नात्यांतलींहि नाहींत. तरी दोघांनीं हजारों कोसांच्या अंतरावर एकच विष तयार करावें, हा सृष्टीचा चमत्कार म्हटला पाहिजे. त्या दिवसापासून नरक्याकडे लांकूडफांटा म्हणून पाहण्याचे दिवस संपले. आपण मात्र पुष्कळ दिवस तसेंच पाहत राहिलों.

अल्कलॉइड हा शब्द वाचून बुजण्याचें कारण नाहीं. मराठी ग्रंथकार त्यास अल्कलाभ म्हणतात. तंबाखूंतील निकोटीन, अफूंतील मॉर्फीन, सिंकोन्याच्या सालींतील क्विनीन हीं सर्व अल्कलॉइडें होत. फवारणी करतांना कांहीं जातीच्या कीटकनाशकांची बाधा झालेल्या माणसास दवाखान्यांत अॅट्रोपीन टोंचतात, तेंहि अल्कलॉइडच. आणि आपल्या बांधावरचा धोत्रा त्याच कुळांतला आहे. युरियाच्या रूपानें जो नत्र आपण पिकास घालतों, तो या सर्व द्रव्यांच्या घडणींत असतो. वनस्पति त्या नत्राभोंवतीं कर्ब, उद्जन व प्राणवायु यांची कांहीं एक गुंतागुंतीची रचना करिते; द्रव्य होतें तें गुंजभर, पण प्राण्यांच्या शरीरांत त्याचा अंमल मोठा.

कॅम्प्टोथेसीनच्या एका रेणूंत कर्बाचे २०, उद्जनाचे १६, नत्राचे २ व प्राणवायूचे ४ अणु असतात. त्यांचीं पांच कडीं एकास एक लागून जवळजवळ सपाट पट्टी झालेली असते. बहुतेक अल्कलॉइडें आम्लांत क्षार होऊन विरघळतात व त्यामुळें औषध म्हणून वापरण्यास सोयीचीं पडतात. हें मात्र हट्टी आहे. पाण्यांत तें जवळजवळ विरघळतच नाहीं. त्याचा सारा स्वभाव पांचव्या कड्यांत आहे. त्या कड्यास लॅक्टोन म्हणतात. अल्कधर्मी पाण्यांत तें उघडतें व आम्लांत पुन्हां मिटतें. मिटलेलें असतांनाच औषधाचा गुण, आणि उघडलें कीं तो गेला.

एवढी साधी गोष्ट वेळेवर न कळल्यामुळें हें औषध कांहीं वर्षें मागें पडलें. सन १९७० च्या सुमारास अमेरिकेंत रोग्यांवर प्रयोग सुरू झाले, तेव्हां द्रव्य पाण्यांत विरघळावें म्हणून त्याचा सोडियमचा क्षार करून तो टोंचीत असत. विरघळला खरा, कारण कडें उघडलें होतें! रक्त किंचित् अल्कधर्मी असल्यामुळें तेथें तें उघडेंच राही आणि अर्बुदावर फारसा परिणाम होत नसे. पुढें मूत्राशयांत गेल्यावर आम्ल मिळे, तेथें कडें मिटे, आणि औषध आपला सारा प्रताप मूत्राशयाच्या आवरणावर गाजवी. रोग्यांस रक्ताची लघवी होऊं लागली, रक्तांतील श्वेत पेशी घटल्या, व सन १९७२ मध्यें ते प्रयोग थांबविण्यांत आले.

त्यानंतर तेरा वर्षांनीं, सन १९८५ मध्यें, हें द्रव्य पेशींत नेमकें करतें काय तें डॉ. लिरॉय लिऊ व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें. तें समजण्यास चऱ्हाटाचें उदाहरण पुरे आहे. दोन पदरी पीळदार दोर एका टोंकाकडून उकलूं लागलें म्हणजे पुढच्या भागांत पीळ सांचतो, दोर आखडतो व त्यास आढ्या पडतात. आपल्या प्रत्येक पेशींत बीजगुण सांठविणारा जो डीएनएचा धागा आहे तो असाच दोन पदरी व पिळलेला आहे. पेशी दुणावतांना त्याची नक्कल करावी लागते व त्यासाठीं तो उकलावा लागतो. पुढें सांचणारा पीळ काढून टाकण्याचें काम टोपोआयसोमरेज-१ नांवाचें एक विकर करतें. तें एक पदर कापतें, पीळ सुटूं देतें, आणि कापलेलीं टोंकें पुन्हां सांधून देतें. कॅम्प्टोथेसीनची सपाट पट्टी नेमकी त्या कापांत जाऊन बसते व सांधा होऊं देत नाहीं. पेशी स्वस्थ असली तर अल्कलॉइड निघून गेल्यावर काप भरून येतो. पण त्याच वेळीं नक्कल चाललेली असली तर ती त्या कापावर येऊन आदळते, दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते.

कर्करोगाच्या पेशी एकसारख्या दुणावत असतात, म्हणून त्या अधिक मरतात. परंतु हाडांतील मगज, आंतड्याचें अस्तर व केंसांचीं मुळें येथील निरोगी पेशीहि भराभर दुणावणाऱ्याच आहेत. म्हणून हें औषध घेणारास श्वेत पेशी घटणें, जुलाब व केंस गळणें हे त्रास होतात. एक प्रश्न वाचकांच्या मनांत येईल कीं झाडाच्याहि पेशी दुणावतातच, मग झाड स्वतःच कसें मरत नाहीं? चिनी कॅम्प्टोथेका व ऑफिओऱ्हायझा या वनस्पतींत याचें उत्तर सन २००८ मध्यें सांपडलें. त्यांच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्यें एका जागीं असा फरक आहे कीं विषाची पट्टी तेथें बसतच नाहीं.

कारण कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं पांचवें कडें जपून, इतरत्र शेपट्या जोडून, पाण्यांत विरघळणारीं दोन औषधें सिद्ध केलीं. जपानच्या याकुल्ट कंपनीनें, म्हणजे आंबवलेल्या दुधाच्या पेयाबद्दल प्रसिद्ध असलेल्या त्याच कंपनीनें, आयरिनोटेकान तयार केलें. त्यास जपानांत सन १९९४ मध्यें व अमेरिकेंत सन १९९६ मध्यें मान्यता मिळाली. तें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर देतात. टोपोटेकान यास अमेरिकेंत सन १९९६ मध्येंच बीजकोशाच्या कर्करोगासाठीं मान्यता मिळाली. आयरिनोटेकान टोंचल्यावर लागलींच होणाऱ्या जुलाबांस अॅट्रोपीन देतात, म्हणजे एका झाडाच्या विषावर दुसऱ्या झाडाचें विष. अलीकडे सन २०१९ पासून प्रतिद्रव्यास या जातीचें द्रव्य जोडून तें थेट स्तनाच्या कर्करोगापर्यंत पोंचविण्याची युक्तीहि वापरांत आली आहे. सारांश, मूळ द्रव्याची गरज सरलेली नसून वाढलेली आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नरक्याची साल कर्करोगावर चालते अशी बातमी कानीं आल्यावर, कोणी ती कुटून रोग्यास देण्याच्या भरीस पडेल अशी भीति आहे. हिशेब पाहा. टोपोटेकानची नेहमीची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरास दिवसाकांठीं दीड मिलिग्रॅम, आणि तीहि पांच दिवस देऊन मध्यें विश्रांति. मध्यम बांध्याच्या माणसास ही दोनअडीच मिलिग्रॅम पडते. ज्या सालींत शेंकडा ०.३ भाग कॅम्प्टोथेसीन आहे तिच्या एका ग्रॅमांत, म्हणजे चिमूटभर भुकटींत, तें ३ मिलिग्रॅम असतें! दोन्ही द्रव्यें अगदीं एक नव्हेत, पोटांतून घेतलेलें सर्वच अंगीं लागतें असेंहि नाहीं; परंतु चिमटीच्या मापानें हाताळण्याची ही वस्तु नव्हे, एवढें यावरून कळावें. शिवाय तें पाण्यांत विरघळत नसल्यामुळें काढ्यांत किती उतरलें याचा कोणासच पत्ता नाहीं. एका झाडाच्या सालींत जें प्रमाण, त्याच्या तिप्पट शेजारच्या झाडांत. रक्त तपाशीत, पेशी मोजीत, इस्पितळांतच द्यावयाचें हें औषध आहे. कोणी सालीची पुडी देऊं केलीच तर ती घरांत आणूं नये, हें शेतकरी बंधूंनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांसहि सांगावें.

आतां झाडाचें काय झालें तें पाहूं. परदेशांत औषधें निघालीं तशी सन १९९० नंतर नरक्यास मागणी आली. कोंकण व कोल्हापूरकडील घाटांत लांकडाचे तुकडे करून, कित्येक ठिकाणीं मुळें खणून, माल बाहेर जाऊं लागला. चोरट्या तोडीचा माल वनखात्यानें पकडल्याच्या बातम्या तिकडून वेळोवेळीं आलेल्या आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ आज नरक्याची गणना धोक्यांत आलेल्या झाडांत करितात. ज्यानें झाड तोडलें त्यास लांकडाची किंमत मिळाली, ज्यानें गोळा करून पाठविलें त्यास हुंडेकऱ्याचा नफा मिळाला, आणि द्रव्याची किंमत सातासमुद्रांपलीकडे ठरली.

या नुकसानीचें मूळ वजनांत आहे. वाळलेल्या सालींत कॅम्प्टोथेसीन शेंकडा ०.१ पासून ०.३ पर्यंत व कचित् त्याहूनहि अधिक आढळतें. सालींत व मुळांत तें अधिक, गाभ्याच्या लांकडांत व पानांत कमी. आणि एका रानांतल्या झाडाझाडांतहि मोठी तफावत. चाळीस किलोच्या एका पोत्यांत ०.१ च्या कसानें ४० ग्रॅम द्रव्य आहे, ०.३ च्या कसानें १२० ग्रॅम. दोन्ही पोतीं कांट्यावर सारखींच! वजनावर विकणाऱ्याचा स्वाभाविक कल वजन वाढविण्याकडे, म्हणजे जाड बुंधा आडवा करण्याकडे व मुळापर्यंत खणण्याकडे जातो. कसावर विकणारा बुंध्यास हात लावणार नाहीं, कारण गाभ्याच्या वजनास त्यास कांहीं मिळावयाचें नसतें. तो फांद्या छाटील, साल निराळी करील, आणि अधिक कसाचें झाड बियांसाठीं राखील. झाड वांचविण्याचीं व्याख्यानें पुष्कळ झालीं आहेत. व्याख्यानापेक्षां भावाची रीत बदलल्यानें अधिक झाडें वांचतील, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कस पाहणें हें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे काय? मुळींच नाहीं. हें द्रव्य नीलातीत प्रकाशांत निळसर चमकतें, आणि त्या चमकेवरून, पातळ थराच्या पृथक्करणानें, तें आहे कीं नाहीं व साधारण कितपत आहे हें थोडक्या खर्चांत कळतें. नेमका आंकडा हवा तर द्रवक्रोमॅटोग्राफीचें यंत्र लागतें, आणि पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणीं असें काम नवें नाहीं. नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्रानें नमुने गोळा करून वर्षांतून एकदां पुण्यास पाठविण्याची व्यवस्था केली, आणि आपल्या संस्थेनें त्याच्या खर्चाचा कांहीं भाग उचलला, तर दोनतीन वर्षांत घाटमाथ्यावरच्या मालकी रानांतील चांगल्या झाडांची खात्रीची यादी हातीं येईल. कारखान्याचा उतारा सर्व सभासदांच्या उसाची सरासरी असतो, त्यामुळें चांगल्या उसाचा फायदा वाईट उसासहि मिळतो, ही तक्रार आपण नेहमींच ऐकतों. येथें ती चूक टाळतां येईल. दर पोत्याचा नाहीं तरी दर गांवच्या मालाचा कस निराळा लावावा.

तोडीविषयीं पश्चिम भागांतील शेतकऱ्यांस शिकविण्याची गरज नाहीं. आहुपे, दुर्गावाडी, हातवीज या बाजूस भाताच्या राबासाठीं झाडांचे डहाळे छाटण्याची चाल जुनी आहे. ज्यास राबाची तोड साधते त्यास नरक्या कसा छाटावा हें निराळें सांगावयास नको. बुंधा राखून छाटल्यास हें झाड पुन्हां चांगलें फुटतें. मूळ खणणें मात्र सर्वथा वर्ज्य करावें. बाळहिरड्याच्या बाबतींत याच भागानें दाखवून दिलें आहे कीं झाड न तोडतां, वेळेवर व नीट वाळवून गोळा केलेल्या मालास पिकलेल्या हिरड्याहून किती अधिक भाव मिळतो.

औषधी झाडांची निगा ही या खोऱ्यास नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जुन्नर खोऱ्यांत हिवरे येथें सरकारी वनस्पतिबाग होती. दापुरीच्या बागेचे अधिकारी व पुढें मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखालीं तेथें औषधी वनस्पतींची लागवड होई व सरकारी औषधभांडारास माल पुरविला जाई. फरक इतकाच कीं त्या बागेंत माल पिकविणारा आणि त्याचा गुण जाणणारा एकच होता.

लागवडीचा उत्साह मात्र आंवरून धरावा, असें आम्ही सुचवितों. नरक्या हें भरपूर पावसाचें व सावलीचें झाड आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस आळेफाट्याच्या पावसाच्या कित्येक पट. तेव्हां डिंभे व माणिकडोह धरणांच्या वरच्या अंगास ज्यांचीं मालकी रानें आहेत त्यांनींच हा विचार करावा. ओतूर, नारायणगांव, मंचर येथील बागाइतदारांनीं टोमॅटो काढून नरक्या लावण्याच्या नादीं लागूं नये. बीं रुजण्यास कित्येक आठवडे लागतात, वाढ मंद, आणि उत्पन्न येण्यास वर्षें. शिवाय चीनमध्यें त्यांच्या झाडाची लागवड आहे. प्रयोगशाळेंत हें द्रव्य कृतीनें बनविण्याची रीत सन १९७१ पासून सिद्ध आहे. आणि नरक्याच्याच अंगांत राहणारी एक बुरशी हें द्रव्य करते असें सन २००५ मध्यें आपल्या देशांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. अशा बुरशा पुन्हां पुन्हां वाढविल्या कीं त्यांची ती शक्ति क्षीण होते, म्हणून अजून त्यांवर कारखाने चाललेले नाहींत. पण उद्यां ती अडचण दूर झाली तर लांकडाचा भाव पडेल. कर्ज काढून एकरच्या एकर लावणारानें हें आधीं ध्यानांत घ्यावें. बांधाच्या व ओहोळाच्या कडेनें, इतर झाडांच्या सावलींत, पांचपन्नास रोपें लावणारास असें कांहीं भय नाहीं. रोपें मोठीं झालीं तर लाभ, न झालीं तर जमीन अडली नाहीं.

कायद्याच्या दोन गोष्टी. भीमाशंकर अभयारण्य सन १९८५ पासून संरक्षित आहे. त्याच्या हद्दींतून पानहि आणूं नये. मालकी जमिनींतील झाड असलें तरी तोडीपूर्वी व वाहतुकीपूर्वी वनखात्याच्या परवान्याची चौकशी करावी. दुसरी गोष्ट, जैवविविधतेचा कायदा सन २००२ मध्यें झाला व सन २०२३ मध्यें दुरुस्त झाला. त्याप्रमाणें गांवोगांव जैवविविधता व्यवस्थापन समिति असावयाची, आणि तिनें गांवच्या वनस्पतींची नोंदवही ठेवावयाची. पुष्कळ गांवीं ही समिति कागदावरच आहे हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि लावलेलें झाड आणि रानांतून चोरलेलें झाड यांत भेद दाखविण्यास पुढें त्या समितीचा दाखलाच उपयोगी पडणार. म्हणून रोप लावलें त्याच वर्षीं त्या वहींत व सातबाऱ्यावर नोंद करून घ्यावी. झाड वीस वर्षांचें झाल्यावर नोंदीसाठीं धांवणाऱ्याचें कोणी ऐकत नाहीं.

खरेदीदारांचें म्हणणें येईल कीं एवढ्या थोड्या मालासाठीं कसाची कटकट कोण करणार. औषधाच्या कारखान्यांत गेल्यावर पहिल्याच दिवशीं त्या मालाचा कस पाहिला जातो, हें त्यांस आपण विनयपूर्वक सांगावें. कस पाहिला जातोच. तो आज विकणाराच्या पाठीमागें पाहिला जातो इतकेंच. दहाबारा गांवांचा माल एकत्र करून, पृथक्करणाचा कागद जोडून, लिलाव पुकारला तर दर निराळा येतो कीं नाहीं हें एकदां करून पाहण्यासारखें आहे. घेणारा न आला तरी छाटलेलें झाड उभेंच आहे. तोडलेल्या झाडाच्या मालकास तेवढी सवड नसते.

यंदाच्या पावसाळ्यांत घाटमाथ्यावरील सभासदांनीं आपल्या मालकी रानांतील नरक्याचीं झाडें फुलोऱ्यावर असतां ओळखून ठेवावींत. त्या वेळीं तीं शोधण्यास डोळ्यांची फारशी गरज पडत नाहीं. पुढें ज्यांस फळ धरेल त्यांवर चुन्याची खूण करावी. प्रत्येक खुणेच्या झाडाच्या बोटाएवढ्या जाड दोन फांद्यांची साल काढून, सावलींत वाळवून, निरनिराळ्या कागदी पिशव्यांत भरावी, आणि वर गांव, गट क्रमांक, झाडाचा अनुक्रम व तारीख लिहावी. नमुन्यास मूठभर साल पुरे. पिशव्या दिवाळीपूर्वी संस्थेच्या कचेरींत पोंचल्या म्हणजे सर्व नमुने एकाच खेपेस पुण्यास धाडतां येतील.